नावाचे शेपूट नीट वाचा

औषधाच्या पाकिटावर, मिठाच्या पिशवीवर, उंदीर मारण्याच्या पुडीवर रसायनांची नावे बारीक अक्षरांत छापलेली असतात. ती डॉक्टरांनी वाचायची, अशी आपली समजूत असते. परंतु ही नावे ठेवण्याचा नियम सोपा आहे आणि तो माहीत असल्यास घरातला एखादा अपघात टळू शकतो.

दोन मूलद्रव्यांचे संयुग झाले की धातूचे नाव आधी, जसेच्या तसे घेतात आणि दुसऱ्या मूलद्रव्याच्या नावाला शेवटी 'आइड' जोडतात. सोडियम आणि क्लोरीन मिळून सोडियम क्लोराइड, म्हणजे आपले रोजचे मीठ. सोडियम पाण्यात टाकला तर भडका उडतो. क्लोरीन तर विषारी वायू. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, तो सैनिकांवर सोडला गेला होता. दोघांचे मीठ मात्र आपण जेवणात घेतो. तेव्हा नावातला एक शब्द ओळखीचा वाटला म्हणून पदार्थाची पारख होत नाही. नाव पूर्ण वाचावे लागते.

मोनो आणि डाय

दोन्ही मूलद्रव्ये अधातू असतील, तर अणूंची संख्याही नावात सांगतात. मोनो म्हणजे एक, डाय म्हणजे दोन, ट्राय म्हणजे तीन. कार्बन डायऑक्साइड आपल्या उच्छ्वासात असतो, सोड्याच्या बाटलीतही असतो. त्यातला ऑक्सिजनचा एक अणू कमी झाला की होतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्यास किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर चालवल्यास हा वायू साचतो. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, मग शुद्ध हरपते. झोपलेल्याला तर काही कळतही नाही. अशा वेळी दारे-खिडक्या उघडून रुग्णाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात न्यावे.

'आइड' की 'एट'?

शेवटी 'एट' आले की दोघांच्या जोडीला बहुधा ऑक्सिजनही आहे असे समजावे. झिंक सल्फेट हे औषध आहे. जुलाब झालेल्या मुलांना क्षारसंजीवनीबरोबर (ओआरएस) झिंक द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली केली. झिंक फॉस्फाइड मात्र उंदीर मारण्याचे जहाल विष आहे. दोन्हींत झिंक आहे, म्हणून घरात नुसते 'झिंकची पुडी आण' असे म्हणू नये.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांमध्ये ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते. ओलावा लागताच त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. त्यावर खात्रीचा उतारा नाही. झोपण्याच्या खोलीत किंवा तिला लागून धान्य साठवले असेल, तर तिथे या गोळ्या कधीही वापरू नयेत.

मीठही तपासा

कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पोटॅशियम वाढले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो.

या नियमाला अपवादही आहेत. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, यात तीन मूलद्रव्ये असूनही नाव 'आइड'नेच संपते. हा सोडा प्यायला गेल्यास अन्ननलिका भाजून निघते.

लक्षात ठेवा

१. विषारी वस्तू मूळ वेष्टनातच ठेवा. लेबल फाडू नका, रिकाम्या डब्यात किंवा बाटलीत काढू नका.

२. मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, कुलपात ठेवा.

३. विष पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि पाकीट सोबत न्या. त्यावरचे पूर्ण नाव वाचून डॉक्टरांना उपचारांची दिशा ठरवता येते.