जव्हार-मोखाड्यातील वेतनधारक आणि आयकर परताव्यातील विलंब : एक विवेचन

प्रस्तावना :
१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके संपूर्णतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. येथील शिक्षक, प्राध्यापक व शासकीय कर्मचारी यांचा आयकर वेतनातूनच कापला जातो. परतावा रखडला की दोष आयकर खात्यास दिला जातो. वस्तुतः विलंबाची बरीचशी कारणे विवरणपत्र बंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात पोहोचण्यापूर्वीच निर्माण झालेली असतात. प्रस्तुत लेखात १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या आधारे त्यांचा विचार केला आहे.

विलंबाची कारणे :
१) करकपातीची नोंद : अनेक शासकीय कार्यालयांत कापलेला कर चलनाने न भरता कोषागारात पुस्तकी समायोजनाने जमा होतो. कोषागार २४जी हा नमुना दाखल करते. त्यातून मिळणारा क्रमांक आहरण व संवितरण अधिकाऱ्याने २४क्यू या तिमाही विवरणात नमूद करावयाचा असतो. यातील एक कडी निसटली किंवा पॅनमधील एक अक्षर चुकले, तरी कर्मचाऱ्याच्या २६एएस मध्ये कपात दिसत नाही. प्रक्रिया केंद्र ही नोंद पाहते, वेतनपत्रक नव्हे.

२) थकबाकी : वेतन आयोगाची किंवा वेतननिश्चितीची थकबाकी एकाच वर्षी हाती आल्यास कलम ८९ अन्वये सवलत मिळते. मात्र नमुना १०ई विवरणपत्रापूर्वी ऑनलाइन भरला नसेल, तर ती नाकारली जाते आणि परताव्याऐवजी करमागणीची सूचना येते.

३) करमाफीविषयीचा गैरसमज : कलम १०(२६) मधील अनुसूचित जमातींची करमाफी सहाव्या अनुसूचीतील क्षेत्रे, ईशान्येकडील काही राज्ये व लडाख यांपुरती आहे. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे पाचव्या अनुसूचीखालील आहेत. म्हणून येथील आदिवासी कर्मचाऱ्याने केलेला असा दावा टिकत नाही.

४) पडताळणी व बँक खाते : १ ऑगस्ट २०२२ पासून विवरणपत्राच्या पडताळणीची मुदत १२० ऐवजी ३० दिवस करण्यात आली. तसेच परतावा केवळ पूर्वप्रमाणित खात्यातच जमा होतो. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली; अशा विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी अद्ययावत न केल्यास रक्कम परत जाते.

प्रतीक्षेचे मूल्य :
२६एएस मध्ये कपात दिसेपर्यंत विवरणपत्र थांबवून ठेवण्याकडे अनेकांचा कल असतो. तो हानिकारक आहे. मुदत उलटल्यास कलम २३४एफ अन्वये विलंब शुल्क लागू शकते. मुदतीनंतर विवरणपत्र भरणाऱ्या वेतनधारकास जुनी करप्रणाली निवडता येत नाही. वेळेत विवरणपत्र भरल्यास परताव्यावरील दरमहा अर्धा टक्का व्याज कर निर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून मोजले जाते. उशिरा भरल्यास ते विवरणपत्राच्या दिनांकापासूनच मिळते.

निष्कर्ष :
कापलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही, असे कलम २०५ सांगते. परंतु नोंद नसेल तर हा हक्क सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच पडतो. म्हणून विवरणपत्र मुदतीत भरावे, कार्यालयाकडे २४क्यू च्या दुरुस्तीची लेखी मागणी करावी आणि दुरुस्तीनंतर कलम १५४ अन्वये अर्ज करावा. महाविद्यालयांच्या लेखा विभागांनी प्रत्येक तिमाहीनंतर २६एएस ची पडताळणी केल्यास परताव्याचा प्रश्न मुळातच सुटू शकेल.