संग्राहकाचें मृत्युपत्र

जुनीं दप्तरें कशानें नष्ट होतात असें विचारल्यास वाळवी, कसर, पाऊस व आग यांचीं नांवें घेतलीं जातात. आमच्या मतें याहून मोठें कारण संग्राहकाचा मृत्यु हें होय. ज्यानें एकेक रुमाल जमविला त्यालाच त्यांतील अस्सल कोणतें व नक्कल कोणती हें ठाऊक असतें. तो गेला कीं तेंच धन वारसांस अडगळ वाटूं लागतें, आणि पोथ्या नदींत तरी जातात किंवा रद्दींत तरी. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास निवर्तले, तेव्हां सहकाऱ्यांनीं तेथेंच त्यांच्या नांवें संशोधन मंडळ उभारून त्यांचा संग्रह जतन केला. असें भाग्य सर्वांचें नसतें. म्हणून आपला संग्रह एखाद्या संग्रहालयास मृत्युपत्रानें देऊं इच्छिणाऱ्यांसाठीं कांहीं गोष्टी येथें नमूद करितों.

पहिला प्रश्न स्वामित्वाचा. स्वतः विकत घेतलेली पोथी व वडिलोपार्जित दप्तर यांत भेद आहे. दप्तर एकत्र कुटुंबाचें असल्यास १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यान्वयें एकास आपल्या हिश्शापुरतेंच मृत्युपत्र करितां येतें. आणि २००५ पासून कन्याहि पुत्रांप्रमाणेंच हिस्सेदार आहेत. तेव्हां भाऊबंद व लेकी यांची लेखी संमति हयातींतच घ्यावी.

मृत्युपत्राचा विधि अवघड नाहीं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें तें लेखी असावें, त्यावर करणाराची सही असावी व किमान दोन साक्षीदारांनीं साक्ष घातलेली असावी. नोंदणी ऐच्छिक आहे. तथापि केलेली बरी. मात्र १९७२ च्या पुराणवस्तु कायद्यानें, निदान ७५ वर्षें जुनें व ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित पुराणवस्तूंत मोडतें, व खासगी व्यक्तीस तें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. अशी पोथी परदेशच्या संग्रहालयास लिहून देणें म्हणूनच व्यर्थ होय.

दुसरा प्रश्न अटींचा. यासंबंधीं इंग्लंडांतील दोन उदाहरणें बोधप्रद आहेत. लंडनचे वैद्य सर हॅन्स स्लोन १७५३ सालीं वारले. सुमारें ७१,००० वस्तूंचा आपला संग्रह त्यांनीं राष्ट्रासाठीं देऊं केला. कन्यांस २०,००० पौंड द्यावे एवढी अट घातली, आणि राष्ट्रानें नाकारल्यास तो परदेशच्या विद्वत्सभांपुढें ठेवावा अशी पुढची तरतूदहि केली. त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा केला आणि त्यांतून ब्रिटिश म्युझियम जन्मास आलें. उलट लेडी वॉलेस यांनीं १८९७ सालीं राष्ट्रास दिलेला कलासंग्रह इतर वस्तूंत मिसळूं नये अशी अट होती. तिचा अर्थ असा लावला गेला कीं, तेथील वस्तु प्रदर्शनार्थ उसनी देणेंहि अशक्य झालें; २०१९ सालीं ती मोकळीक मिळाली. आपल्याकडेहि ‘नकला घेऊं देऊं नयेत’, ‘छापूं नये’ अशा अटी घालण्याचा मोह होतो. अशानें कागद वांचतो, पण त्यांतील इतिहास कोंडला जातो.

मृत्युपत्रांत नांव लिहिल्यानें संस्थेवर स्वीकाराचें बंधन येत नाहीं. यास्तव तिच्या चालकांशीं आधींच बोलावें, दुसऱ्या एका संस्थेचें नांव पर्यायी म्हणून घालावें, आणि बनेल तर जतनासाठीं कांहीं रक्कमहि जोडावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट यादीची. प्रत्येक रुमालावर क्रमांक घालून तो कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्याकडून व केव्हां मिळाला हें लिहून ठेवावें. ज्या कागदाचें मूळ ठाऊक नाहीं त्याची साक्ष अर्धीच मानली जाते. कागद वारसांच्या हातूनहि संग्रहालयांत पोहोंचूं शकतील. हें ज्ञान मात्र संग्राहकाबरोबरच जातें. तेव्हां मृत्युपत्रास विलंब लागला तरी चालेल, यादीस लागूं नये, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.