खुनी कळला, तरी पुस्तक मिटत नाही

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. उन्हाळी मिरचीचा हंगाम सुरू झाला की आसपासच्या गावांतून पोत्यांनी भरलेल्या गाड्या इथं येतात आणि इथून माल परराज्यांत जातो. इथल्या शेतकऱ्याला उत्कंठा म्हणजे काय, हे शिकवायची गरज नाही. समजा, तो माल घेऊन बाजारात पोचला आणि तिथंच त्याला कळलं की भाव निम्म्यावर आलाय. हा झाला धक्का. दोन शिव्या हासडल्या की संपला. आता दुसरी तऱ्हा बघा. आवक वाढल्याचं त्याला आदल्या रात्रीच मोबाइलवर कळलंय. पण तोडणीला बाया सांगून ठेवल्यात, झाडावरची मिरची लाल व्हायला लागलीय, थांबता तर येत नाही. भाव पडणार हे माहीत असूनही तो रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहतो.

ही दुसरी रात्र म्हणजे थरारकथा.

चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने हाच फरक बॉम्बच्या उदाहरणाने सांगितला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कुणालाच ठाऊक नाही आणि तो फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब असल्याचं प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि टेबलाभोवतीची माणसं मात्र निवांत गप्पा मारताहेत, तर त्या गप्पांतलं एकेक वाक्य जीवघेणं होतं. मानसशास्त्रीय थरारकादंबरी याच्याही पुढे जाते. ती बॉम्ब टेबलाखालून उचलते आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या डोक्यात ठेवते. खून कुणी केला, हा प्रश्न मागे पडतो. आपल्याला हे सगळं जो सांगतोय त्याच्यावर किती विसंबायचं, हा प्रश्न पुढे येतो.

डॅफ्नी ड्यू मॉरिएच्या 'रेबेका' (१९३८) या कादंबरीत एक साधी मुलगी श्रीमंत विधुराशी लग्न करून त्याच्या मँडर्ली नावाच्या वाड्यात येते. बिजवराला दिलेली मुलगी, असं आपल्याकडे एका शब्दसमूहात सगळं येतं. पहिली बायको रेबेका वारलेली आहे, पण वाड्यातल्या प्रत्येक वस्तूवर हक्क अजून तिचाच. चाकरमाणसं, वेळापत्रक, फुलदाण्यांच्या जागा, सगळं तिनं लावून दिल्यासारखं चाललेलं. नव्या नवरीचं नाव तर लेखिका शेवटपर्यंत सांगतच नाही.

एके दिवशी या मुलीच्या हातून चिनी मातीची एक किमती छोटी मूर्ती फुटते. मालकीण आहे ती घराची. पण ती तुकडे गोळा करते, पाकिटात घालते आणि लिहिण्याच्या टेबलाच्या कप्प्यात मागच्या बाजूला दडवते. पुढे आळ नोकरावर येतो आणि नवऱ्यासमोर तिला कबूल करावं लागतं. खून नाही, रक्त नाही, एक शोभेची वस्तू फुटली एवढंच; तरी वाचताना पोटात गोळा येतो, कारण स्वतःच्या घरात चोरासारखं वागणं म्हणजे काय ते त्या कप्प्यात दिसतं. सासरी पहिल्या महिन्यात कपबशी फुटलेल्या कुठल्याही बाईला हे प्रकरण समजावून सांगावं लागणार नाही. हिचकॉकने १९४० साली यावर चित्रपट केला. आपल्याकडे १९६४चा 'कोहरा', वहिदा रेहमानचा, याच गोष्टीवरचा.

मराठीत हा प्रकार कादंबरीत कमी रुजला. त्याचं एक कारण मला आपल्या रहस्यकथांच्या भरभराटीत दिसतं. बाबुराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांनी कित्येक पिढ्यांना वाचायची गोडी लावली. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजारावर मजल नेली. एस.टी. स्टँडवर घ्यायचं, मुक्काम येईस्तोवर संपवायचं, असा तो मामला. त्यात नायक पुढच्या पुस्तकातही लागणार असतो, म्हणजे त्याला काही होणार नाही हे वाचकाला पक्कं ठाऊक. भीती उसनी, मजा खरी. यात कमीपणा काहीच नाही; पण नायकाच्याच मनाबद्दल शंका घ्यायला अशा गोष्टीत जागा उरत नाही. ती जागा मराठीत कथेनं भरून काढली. रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) गूढकथांमध्ये भुतापेक्षा घरातली माणसंच जास्त घाबरवतात. 'अलबत्या गलबत्या'सारखं बालनाट्य लिहिणारा हाच लेखक, हे पहिल्यांदा कळल्यावर जरा विचित्रच वाटतं.

कादंबरीचं एक ठळक उदाहरण मात्र आहे. जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते'. तिच्यावरून राजा परांजपे यांनी १९६४ साली 'पाठलाग' केला आणि त्यावरून १९६६ साली हिंदीत 'मेरा साया' आला. झुमक्याचं गाणं सगळ्यांना पाठ, मूळ मराठी कादंबरी फारशी कुणाला आठवत नाही. 'मेरा साया'त नायक वकील आहे. बायको त्याच्या डोळ्यांदेखत गेलेली. मग पोलिस एक बाई पकडतात, चेहरा हुबेहूब तोच, आणि ती म्हणते, मीच तुमची बायको. भर कोर्टात ती नवरा-बायकोतच राहाव्यात अशा गोष्टी सांगू लागते आणि उलटतपासणी घेणाऱ्या नवऱ्याचाच पाय घसरू लागतो. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं मरण खरं, की समोर उभी असलेली ही बाई खरी? शेवटी जुळ्या बहिणीचा खुलासा येतो तेव्हा मला दर वेळी थोडं फसवल्यासारखं वाटतं. मधला गोंधळ त्या उत्तरापेक्षा कितीतरी मोठा होता.

शेवट कळला तर पुस्तकाची माती होते, असं सर्रास मानलं जातं. सार्वजनिक वाचनालयाच्या प्रतीत पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवणारा एक महाभाग पूर्वी ऐकायला मिळायचा. त्याच्या नावानं बोटं मोडली जायची. पण २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी वाचकांना काही कथा शेवट आधी सांगून दिल्या, काही न सांगता. शेवट माहीत असलेल्यांना कथा थोड्या जास्तच आवडल्या, रहस्यकथाही त्यात आल्या. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत असं दिसलं नाही, तेव्हा वाद मिटलेला नाही. पण सप्ताहात हरिश्चंद्राचं आख्यान ऐकायला बसलेल्या मंडळीत शेवट ठाऊक नसलेला एक तरी असतो का? तरी रोहिदासाला सर्प डसला की पदर डोळ्याला लागतोच.

म्हणून मी एक शेवट इथं सांगून टाकतो. ॲगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) मध्ये गोष्ट सांगणारा डॉक्टरच खुनी आहे. आता हे पुस्तक रात्रपाळीच्या विजेची वाट बघत, मोटार चालू होईपर्यंत वाचायला घ्या. खुनाच्या रात्री ॲक्रॉइडच्या खोलीत हा डॉक्टर बसलाय. एक पत्र आत येतं तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी आहेत, डॉक्टर निघतो तेव्हा नऊला दहा. दोन्ही वेळा तो स्वतःच्या तोंडानं, जवळजवळ लागोपाठ सांगतो. मधल्या दहा मिनिटांत काय झालं याबद्दल चकार शब्द नाही. पहिल्या वाचनात आपण ही जागा सहज ओलांडून जातो, कारण डॉक्टरवर विश्वास ठेवायची आपल्याला सवय असते. दुसऱ्या वाचनात त्याच ओळींवर बोट थबकतं. बाईंनी खोटं काहीच लिहिलेलं नाही. घड्याळ समोर ठेवलं होतं, बघितलं नाही ते आपण. अलीकडे मुखपृष्ठावर 'शेवट वाचून हादराल' असं छापून येणाऱ्या बऱ्याच पुस्तकांत मी ही दहा मिनिटं शोधतो. सापडत नाहीत, शेवटच्या प्रकरणात कुठून तरी एक जुळी बहीण मात्र येते.