बेडकाला विष मिळतं कुठून? काहींना थेट जेवणातून!

पहिला पाऊस पडला की बेळगाव-खानापुरात काय किंवा गोव्यात काय, अंगणातल्या दिव्याखाली खरबरीत पाठीचा बेडूक हजर. घरचं कुत्रं त्याला तोंडात धरतं आणि लगेच टाकून देतं. तोंडाला फेस येतो. बेडकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात, हा प्रताप त्यातल्या पांढऱ्या चिकाचा. एवढासा प्राणी, विष आणतो कुठून?

आपला हा अंगणातला बेडूक ते स्वतःच तयार करतो, शरीरातल्या कोलेस्टेरॉलपासून. पण मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात अंगठ्याएवढे भडक रंगाचे बेडूक आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं विष उसनं असतं. कोलंबियातले एम्बेरा आदिवासी यातल्या एका पिवळ्या जातीच्या पाठीवर बाणाची टोकं घासून शिकार करत. तोच बेडूक काचेच्या पेटीत जन्मला, वाढला, तर मात्र बिनविषारी!

हे कोडं अमेरिकेचे रसायनशास्त्रज्ञ जॉन डेली यांनी सोडवत नेलं. 1932 साली पनामातले हिरवे-काळे बेडूक हवाई बेटावर सोडले होते. जात तीच, पण काही दशकांनी तपासलं तर हवाईतल्या बेडकांच्या कातडीतली विषं पनामातल्या भाऊबंदांपेक्षा वेगळी निघाली. त्यांची पिल्लं घरात ठेवून रातकिडे आणि केळ्यांवर घोंगावणारी चिलटं खायला घातली, तर विष शून्य. म्हणजे फरक रक्ताचा नव्हे, ताटाचा. पालापाचोळ्यातल्या मुंग्या आणि माइट नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, हाच त्यांचा मुख्य साठा. जंगल तुटलं, पाचोळा गेला की या बेडकांचं संरक्षणही पातळ होतं.

मग ते स्वतः कसे मरत नाहीत? एक तर त्यांच्या मज्जातंतूंवर विष जिथे चिकटतं ती जागाच काही जातींत थोडी बदललेली आहे. दुसरं, रक्तातलं एक प्रथिन विषाला धरून ठेवतं. एका जातीची आई तर टॅडपोलना स्वतःची न फळलेली अंडी भरवते, आणि त्यातून विषही देते. आईच्या हातचा डबाच म्हणा ना.

उसनवारी बेडकांवरच थांबत नाही. जपानमधला एक साप बेडूक खातो आणि त्याचं विष आपल्या मानेतल्या ग्रंथींत साठवतो. ज्या बेटावर असे बेडूकच नाहीत, तिथल्या सापांच्या मानेत ते विष सापडत नाही.

आपल्याकडे परत येऊ. कुत्र्यानं बेडूक चावला तर तोंड खाली धरून वाहत्या पाण्यानं हिरड्या धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. हे विष हृदयावर परिणाम करतं. कुत्रं थरथरू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. आणि बेडकाला मारू नका. त्यानं हल्ला केलेला नसतो, त्याला चावलेलं असतं.