बोली जिंकले, पण...

आमच्या सासूबाईंचा एक अडकित्ता होता. मुठी पितळी, पातं पोलादी आणि वर पोपटांची जोडी. दुपारची जेवणं झाली की पानाचं तबक घेऊन त्या ओसरीवर बसायच्या. सुपारीचा कटकट आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा. त्या गेल्या, पुढे वाडा सोडून आम्ही ब्लॉकमध्ये राहायला आलो. जागा अपुरी, म्हणून बंब-घंगाळाबरोबर अडकित्ताही मोडीत गेला. घातला मीच! त्या मोडीवर स्टीलची दोन पातेली आणली. ती रुखरुख मनात राहिली ती राहिलीच.

गेल्या पावसाळ्यात मोबाईलवर एका लिलावात अगदी तस्साच अडकित्ता दिसला. बोली होती आठशे रुपये. मनाशी पक्कं ठरवलं, दोन हजारांपर्यंत जायचं, पुढे एक पैसाही नाही.

लिलाव रात्री नऊला संपणार होता. तव्यावर पोळी, ओट्यावर मोबाईल. मी हजार म्हटलं की समोरचं कुणीतरी अकराशे म्हणायचं. दोन हजार केव्हा ओलांडले, कळलंच नाही. समोरच्याला नाव नाही, चेहरा नाही. पण मला त्याचा असा राग आला, जणू माझ्याच घरात शिरून तो वस्तू पळवतोय! पोळी करपली. सहा हजार दोनशेला मोबाईलवर 'अभिनंदन' आलं. वर कमिशन, कर आणि टपालखर्च. सगळे मिळून सात हजारांच्या पुढे गेले.

पैसे होते लेकीच्या बाळंतपणासाठी भिशीतून साठवलेले. ह्यांनी विचारलं, "केवढ्याला पडला गं?" मी म्हटलं, "नऊशे." इतक्या वर्षांच्या संसारात पैशाबद्दल ह्यांच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं. आणि पुढच्याच महिन्यात तांब्या-पितळेच्या एका दुकानात तसाच अडकित्ता पंधराशेला दिसला. तेव्हा माझा चेहरा कसा झाला असेल, ते तुम्हीच ओळखा.

मैत्रिणींनो, हे फक्त माझ्यासारख्या भाबड्या बाईचंच होतं असं समजू नका. अमेरिकेत बोस्टन विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. तो 1983 साली प्रसिद्ध झाला. नाण्यांनी वगैरे भरलेल्या बरण्या समोर ठेवल्या आणि त्यांचा लिलाव केला. प्रत्येक बरणीत माल होता आठ डॉलरचा. मुलांचा अंदाज सरासरी सव्वापाचच्या आतच होता. तरीही जिंकणारी बोली सरासरी दहा डॉलरवर गेली! कारण सोपं आहे. शंभरजण अंदाज करतात, त्यात कुणी कमी धरतं, कुणी जास्त. लिलाव जिंकतो तो सर्वांत जास्त धरणारा, म्हणजे बहुधा सर्वांत जास्त चुकलेला. अर्थशास्त्रात याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात.

त्यात मोबाईलवरच्या लिलावाची रचनाही आपल्याला तापवणारी. घड्याळ सेकंद मोजत असतं. पुष्कळ ठिकाणी शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ वाढते आणि चढाओढ पुन्हा सुरू होते. शिवाय समोरचा बोली लावणारा विकणाऱ्याचाच माणूस नसेल कशावरून? भाव चढवण्याची ही युक्ती जुनीच आहे.

म्हणून ठेच लागल्यावर आलेलं शहाणपण सांगते. पदराला गाठ मारून ठेवा.

पहिलं म्हणजे बाजारात फिरून भाव काढा. विकणारा काय मागतो तो भाव नव्हे. तशीच वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली ते संपलेल्या लिलावांत पाहा.

दुसरं, आपला शेवटचा आकडा कागदावर लिहा. कमिशन, कर, टपाल त्यातच धरा आणि तो कागद घरात कुणाला तरी दाखवा. बऱ्याच ठिकाणी आपला कमाल आकडा एकदाच भरून ठेवण्याची सोय असते. मग गरजेपुरती बोली आपोआप वाढत जाते. आकडा भरा आणि मोबाईल बाजूला ठेवून निजा. मिळालं तर आपलं, नाही तर नाही.

तिसरं, वस्तू नीट पारखा. नव्या पितळेला काळपटपणा आणून ती जुनी म्हणून खपवतात. खूप वापरलेल्या अडकित्त्याच्या मुठी, जिथे बोटं लागतात तिथे झिजलेल्या असतात. बिजागरीचे, पात्याचे जवळून काढलेले फोटो मागवा. बिल मिळेल का, परत घेतील का, हे आधीच विचारा. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते जरूर पाहा. नजर तयार होते.

चौथं, 'जुनं म्हणजे दुर्मिळ' हे मनातून काढून टाका. शिवराईचंच घ्या. महाराजांच्या काळात सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पुढे पेशवाईतही पाडलं जात होतं. मिळेल ती शिवराई काही लाखमोलाची नसते.

आणि घरातलं जुनं नाणं कुणी लाखाला मागितलं, पण आधी 'फी' किंवा 'टॅक्स' भरा म्हणालं, तर फोन सरळ ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळले जात होते. आपण असल्या व्यवहारात नाही आणि कसलंही कमिशन मागत नाही, असं बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं आहे.

आता माझं पुढे काय झालं? ते खोटं पोटात राहीना. एका रात्री ह्यांना खरा आकडा सांगितला. हे काही वेळ गप्पच बसले. मग अडकित्ता हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "पैशांचं बघू आपण. पण अगं, आईच्या अडकित्त्यावर पोपट कुठे होते? मोर होते."

वन्संना फोन लावला. त्याही म्हणाल्या, "मोरच, वहिनी."

भिशीचे पैसे दरमहा थोडे थोडे परत टाकते आहे. लेकीला सातवा लागेपर्यंत भरपाई होईल. पोपटांचा अडकित्ता पानाच्या तबकात आहे. सुपारी मात्र छान कातरतो हो!