पिनेची पकड, खिळ्याची पकड

घरातील बारीकसारीक दुरुस्ती स्वहस्ते करण्याची हौस ज्या गृहस्थास जडली आहे, त्याच्या पेटीत हातोडी, करवत आणि ड्रिल यांची भरती झाल्यावर कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतोच, की आता विजेवर किंवा हवेच्या दाबावर चालणारे एखादे यंत्र घ्यावयाचे, तर ते पिना ठोकणारे स्टेपलर घ्यावे की खिळे मारणारे नेलर. दुकानदाराकडून ह्याचे निःपक्षपाती उत्तर मिळण्याचा संभव थोडाच. दोन्ही यंत्रे दिसावयास बंदुकीसारखी, दोन्हींचा घोडा दाबताच आवाज सारखाच, आणि जे महाग ते अधिक उपयुक्त असा समज ग्राहकाने करून घेतला तर तो दूर करण्याची जबाबदारी दुकानदारावर नाही. माझ्या मते निर्णय यंत्राकडे पाहून करावयाचाच नाही. जी वस्तू बसवावयाची, ती फाटण्याचे भय आहे की तिला चीर पडण्याचे, एवढे पाहावे.

रायपूरचेच उदाहरण घेऊ. नागपूरकर भोसल्यांचा अंमल 1854 साली खालसा होऊन संपला, तरी त्या अमलाबरोबर छत्तीसगडात आलेली मराठी वस्ती इथे राहिली, आणि तात्यापाऱ्यासारख्या जुन्या भागातील घरांत आजही सालाच्या भक्कम चौकटी आढळतात. साल हा ह्या राज्याचा राज्यवृक्ष. त्याचे लाकूड सागवानाहून जड आणि कठीण. पाऊस सुरू झाला की डासांच्या बंदोबस्तासाठी अशा चौकटीवर नायलॉनची जाळी बसविण्याचे काम घरोघर निघते. त्या जाळीला खिळा मारला तर ताणाचा सारा भार त्या एका छिद्रावर येतो, आणि वारा दोन-चार वेळा जोराने आपटला की छिद्र मोठे होऊन जाळी माथ्यावरून सुटते. पिनेची गोष्ट निराळी. तिचे दोन पाय लाकडात जातात आणि त्यांना जोडणारी आडवी पाठ जाळीचे अनेक धागे एकदम दाबून धरते. जाळी, कापड, रेक्झिन, फोम, पुठ्ठा, म्हणजे जे जे मऊ आणि फाटणारे, ते पिनेच्या हवाली करावे. जेवणाच्या खुर्चीची फाटलेली बैठक नव्याने मढविणे हे तर स्टेपलरचे हक्काचे काम.

पिन ठोकताना ती धाग्यांना समांतर न ठेवता किंचित तिरपी ठेवली, तर दोन्ही पाय लाकडाच्या एकाच रेषेत शिरत नाहीत, त्यामुळे चौकटीला चीर जात नाही आणि कापडाचेही जास्त धागे पकडीत येतात. सालाच्या चौकटीवर मात्र हाताने दाबावयाचे साधे टॅकर पुष्कळदा हार खाते. पिन अर्धी आत आणि अर्धी बाहेर अशी वाकून उभी राहते, व तिला हातोडीने बसवू गेले असता पाय मुडपून पाठ वर येते. तिथे 6 किंवा 8 मिलिमीटर पायाची आखूड पिन घ्यावी, किंवा हवेच्या दाबाचे यंत्र वापरावे. आणखी एक तजवीज कूलरवाल्यांनी ठेवावी. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जाणाऱ्या ह्या गावी वाळ्याच्या ताट्या असोत की गवताच्या, त्या सतत भिजणाऱ्या. साधी पिन तिथे एका हंगामात गंजते, म्हणून स्टेनलेस स्टीलची शोधावी. बांबूच्या कामटीवर तर पिनही नको आणि खिळाही नको. कामटी उभी चिरते, सुतळीच बरी.

नेलरचे क्षेत्र लाकडावर लाकूड बसविण्याचे. घरगुती कामाला बहुधा 18 गेजचा ब्रॅड, म्हणजे इवल्या माथ्याचा बारीक खिळा, पुरतो. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, आणि 18 गेज म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर. बाजारात ‘एफ-30’ म्हणून मागितले की 30 मिलिमीटर लांबीचे ब्रॅड मिळतात. त्याचा माथा इतका इवलासा असतो, की बीडिंग पट्टीत तो बुडाला की पुट्टीच्या एका बोटाने छिद्र नाहीसे करता येते. तेच कापडावर वापरले तर तो माथा आरपार निघून जातो. जी पट्टी बसवावयाची तिच्या जाडीच्या तिप्पट खिळा, हा सुतारांचा ठोकताळा इथेही लागू पडतो.

परंतु ब्रॅडकडून फार अपेक्षा ठेवू नये. तो ओढीला, विशेषतः लाकडाच्या कापलेल्या टोकात, सहज उपटला जातो. आणि कोरड्या उन्हाळ्यात आकसून पावसाळ्यात फुगणारे लाकूड त्याची पकड दरवर्षी थोडीथोडी सैल करते. खरे धरणारा असतो तो गोंद. खिळ्याने गोंद वाळेपर्यंत दोन तुकडे हलू द्यावयाचे नाहीत, एवढीच त्याची नेमणूक. अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज ह्यांनी बांधलेले आणि 2 नोव्हेंबर 1947 रोजी एकदाच उडालेले ते प्रचंड लाकडी विमान, एच-4 हर्क्युलिस, ह्याच रीतीने जुळविले गेले: बर्चच्या पातळ थरांना गोंद लावून ते खिळ्यांनी दाबून ठेवले, आणि गोंद पक्का झाल्यावर खिळे उपटून काढले.

ब्रॅडचे टोक पटाशीसारखे चपटे असते, ही गोष्ट नवशिक्यास कोणी सांगत नाही. कठीण गाठ लागली की असा खिळा आत वळतो आणि पट्टीच्या बाजूने, जिथे आपली बोटे असतात नेमका तिथे, बाहेर येतो. म्हणून नेलर पट्टीच्या लांबीला काटकोनात धरावे, आणि दुसरा हात खिळ्याच्या लांबीहून दूर ठेवावा. अडकलेला खिळा काढण्यापूर्वी हवेची नळी सोडविणे किंवा बॅटरी काढून घेणे, आणि डोळ्यांवर चष्मा असणे, ह्या बाबतीत सवलत नाही.

दोन्ही यंत्रांचे अधिकार एकाच वस्तूवर कुठे संपतात आणि कुठे सुरू होतात, हे पाहावयाचे असेल तर नाटकाचा फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची कापड ताणलेली चौकट, पाहावा. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेत हौशी प्रयोगाचे नेपथ्य ज्यांनी उभे केले असेल, त्यांना हे सांगावयास नको: चौकटीचे कोपरे गोंद आणि खिळ्यांनी, व त्यावर ताणलेले मांजरपाट पिनांनी. ताणताना एका बाजूने सरळ ठोकत गेले की कापडाला झोळ येतो. आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, मग समोरासमोर कोपऱ्यांकडे. गणपतीचे मखर ह्याच जातीचे.

अधलेमधले एक काम आहे, कपाटाची 6 मिलिमीटर प्लायची पाठ. ब्रॅडचा माथा तिला धरत नाही, म्हणून अरुंद पाठीची लांब पिन वापरावी. पिना आणि खिळे दोन्ही मारणारी विजेची जोडयंत्रेही मिळतात. पण त्यांतील खिळा बहुधा 15 मिलिमीटरपर्यंतचाच, तेव्हा ते यंत्र स्टेपलर समजूनच घ्यावे. हवेच्या नेलरला कॉम्प्रेसर लागतो आणि त्याचा आवाज शेजाऱ्यांनाही लागतो. ज्याच्या घरी जाळी, खुर्च्या आणि वर्षाकाठी एक मखर इतकाच पसारा, त्याने स्टेपलर घ्यावे आणि पट्ट्यांपुरते हातोडीवर भागवावे. शेल्फ, कपाटे, खिडक्यांच्या पट्ट्या असे काम वारंवार निघत असेल तरच नेलरचा खर्च अंगावर घ्यावा.

आणि यंत्र निवडण्याआधी त्याच्या पिना आपल्या बाजारात मिळतात का, ह्याची खातरजमा करावी. ‘1010-जे’ आणि ‘1013-जे’ ह्यांची पाठ एकच, पाय मात्र 10 आणि 13 मिलिमीटरचे, म्हणून दोन्ही एका यंत्रात चालतात. पण पाठीची रुंदी बदलली की पिन त्या यंत्रात जातच नाही.