प्रश्न हातीं देणारा गुरु

तीसेक वर्षांपूर्वीं वर्गांत एका मुलानें मला विचारलें, "सर, ९१ ही मूळ संख्या आहे कीं नाहीं, हें भागून पाहिल्यावांचून कळेल काय?" "तें अभ्यासक्रमांत नाहीं," असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. ९१ ला ७ नें भाग जातो, हें सांगणें सोपें होतें. परंतु त्याचा प्रश्न त्याहून मोठा होता.

ज्या संख्येस १ व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कशानेंही भाग जात नाहीं, ती मूळ संख्या. शंभर अंकी संख्या अशी भागून पाहूं लागल्यास जलद गणकयंत्रहि थकून जाईल. जलद रीती पूर्वींही होत्या. पण कांहींत चुकीचा अल्पसा संभव उरे, तर कांहीं सिद्ध न झालेल्या गृहीतावर उभ्या होत्या. अंक वाढले तरी श्रम आवाक्यांत राहतील आणि उत्तर निःसंशय मिळेल, अशी सिद्ध रीत हवी होती.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्राध्यापक मणींद्र अग्रवाल यांनीं हा प्रश्न पदवी न मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या हातीं दिला. २००१ सालीं दोघांनीं एक अनुमान असंख्य आंकड्यांवर पडताळून पाहिलें. तेथूनच पुढें नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनीं काम उचललें. २००२ सालीं ते पदवीधर झाले, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें तिघांनीं ती रीत जगापुढें ठेवली. २००६ सालीं तिघांना गोडेल पारितोषिक मिळालें.

यांत गुरूनें काय केलें? ज्याचें उत्तर स्वतःजवळ नाहीं, असा खरा प्रश्न दिला. पहिल्या जोडीचें अनुमान अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. तरी तें कपाटांत पडून राहिलें नाहीं, पुढच्या जोडीची पायरी झालें. शेवटीं निबंधावर शिष्यांचीं नांवें गुरूच्या नांवाशेजारीं आलीं.

आपल्या महाविद्यालयांतून मात्र 'प्रकल्प' म्हणजे पुष्कळदां गतवर्षींच्या वहीची नक्कल असते. प्रत्येक प्राध्यापकानें वर्षाला दोन विद्यार्थ्यांस एक न सुटलेला प्रश्न आणि आठवड्याचा एक तास द्यावा. चालकांनीं तो तास अध्यापनाच्या कामांत धरावा. यांत द्रव्यापेक्षां मनाचा मोठेपणा अधिक लागतो.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. परंतु "मलाही ठाऊक नाहीं; ये, आपण मिळून पाहूं," एवढें तरी मला म्हणतां आलें असतें.